‘घरीच डोळे तपासा’ म्हणता, मग पुढचा दवाखाना कुठे आहे?



गेल्या महिन्यात आमच्या भागात एक नेत्रतपासणी शिबिर झाले. कोणी भरवले ते लिहीत नाही, कारण प्रश्न त्या मंडळींचा नाही. पन्नासेक म्हातारी माणसे रांगेत बसली होती, त्यात निम्म्याहून जास्त बाया. चष्म्याचे नंबर काढून झाल्यावर एका तरुणाने माईक घेतला आणि सांगितले, “शुगरवाल्यांनी आता सारखे दवाखान्यात यायची गरज नाही. हे अ‍ॅप मोबाईलमध्ये टाका आणि घरीच डोळ्यांवर लक्ष ठेवा.” टाळ्या पडल्या. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज आमच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. एका कार्यकर्त्याने खाली लिहिले, “डिजिटल क्रांती गावात आली.” दुसऱ्याने लिहिले, “भांडवलदारांचे नवे खेळणे, आपल्या माणसांनी हात लावू नये.” दोघेही माझे मित्र आहेत आणि दोघेही चुकत आहेत. ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

आधी घरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतो ते कळेल.

माझी माय बासष्ट वर्षांची. शुगर निघून चौदा वर्षे झाली. आमच्याकडे शुगर म्हणजे सकाळ-संध्याकाळची गोळी आणि “भात कमी करा” हा सल्ला. (धानाच्या जिल्ह्यात, जिथे राशनवर तांदूळ मिळतो आणि बांधीत धान पिकते, तिथे भात कमी करून नेमके काय खायचे हे मात्र कोणी सांगत नाही.) या चौदा वर्षांतल्या पहिल्या अकरा वर्षांत डोळ्यांचा विषय कोणी काढला नाही. तीन वर्षांपूर्वी माय अंगणात तांदूळ पाखडत होती. डाव्या डोळ्यात कोंडा गेला म्हणून तिने तो डोळा मिटला आणि माझ्या बायकोला हाक मारली, “अवं पोरी, अंधार काहून पडला वं?” उजवा डोळा गेलेला होता. कधी गेला ते तिलाही माहीत नव्हते. डावा डोळा दोघांचे काम करत होता, म्हणून उजवा गेल्याचा पत्ताच लागला नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की उजव्या डोळ्यात पडद्यावर रक्तस्राव होऊन पडदा ओढला गेला आहे, आता फार काही करता येणार नाही. डाव्या डोळ्याच्या पडद्यालाही सूज होती. त्यावर लेझर झाले, इंजेक्शने सुरू झाली. दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात घरी रोज नजर तपासत राहा, असे सांगून त्यांनी एक अ‍ॅप सुचवले. त्यांचा सल्ला बरोबरच होता. सूज पुन्हा वाढली तर ती लवकर कळावी आणि तपासणीच्या तारखेपर्यंत थांबावे लागू नये, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो चांगला आहे.

आता अ‍ॅप आमच्या घरात कसे चालले ते ऐका. घरात मोठ्या पडद्याचा मोबाईल एकच, माझा, आणि तो सकाळी सातला माझ्यासोबत कामावर जातो. मायजवळ बटणांचा फोन. अ‍ॅपच्या सूचना इंग्रजीत. मोबाईल किती अंतरावर धरायचा, चष्मा घालायचा की काढायचा, पडद्याचा उजेड किती ठेवायचा, हे सगळे वाचून सांगायला कोणीतरी हवे. ते काम माझ्या भाचीकडे आले. दोन महिन्यांनी मी आलेख पाहिला तर मायची नजर सुधारत चाललेली! मी खूश झालो. मग एका संध्याकाळी समोर बसून पाहिले, तर भाची हळूच सांगत होती, “आजी, वरती म्हण. आता डावीकडे म्हण.” पोरीला वाटले ही परीक्षा आहे आणि आजी नापास व्हायला नको. अ‍ॅपला वाटले डोळा बरा होत आहे.

शेवटी मी एक साधा कागद आणला. बारीक चौकोनांची जाळी, मधोमध एक ठिपका. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी १९४५ च्या सुमारास ही जाळी प्रचारात आणली, म्हणून तिला आम्स्लर ग्रिड म्हणतात. पुष्कळशा अ‍ॅपमध्ये हीच जाळी किंवा तिचीच सुधारलेली बहीण बसवलेली असते. जवळचा चष्मा घालून, एक डोळा झाकून, वीतभराहून थोड्या जास्त अंतरावरून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. रेघा सरळ दिसतात की वाकड्या, कुठे पुसट ठिगळ दिसते का, एवढेच सांगायचे. कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. माय रोज चहा झाला की त्याच्यासमोर उभी राहू लागली.

यंदाच्या पावसाळ्यात एके सकाळी ती म्हणाली, “बापू, मधातल्या रेघा पान्यात पडल्यावानी हालून रायल्या.” तिला हे कळायला एक मिनिट लागले आणि मला फोन करायला पाच मिनिटे. त्यानंतर इंजेक्शन मिळायला नऊ दिवस लागले. कधी यंत्र चालवणारा रजेवर, कधी इंजेक्शन संपलेले, मग आमच्या पैशांची जुळवाजुळव, आणि मध्ये रोवणीचे दिवस. डोळा वाचला, पण पूर्वीइतका नाही.

माझा सगळा वाद या नऊ दिवसांशी आहे. घरी तपासण्याचे साधन एका मिनिटाचे काम करते. ते कागदाचे असो वा मोबाईलचे, ते घंटा वाजवते. घंटा ऐकून दार उघडणारा कोणी नसेल तर रोज घंटा वाजवून काय होणार? आणि जेव्हा कोणी मंचावरून म्हणतो की अ‍ॅप आले आता दवाखान्यात यायची गरज नाही, तेव्हा तो घंटा बसवून दारच काढून नेत असतो.

त्या वाक्यात वैद्यकीय चूकही आहे, आणि ती जीवघेणी नसली तरी डोळेघेणी आहे. शुगरने होणारा पडद्याचा आजार सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके येतात, रक्तवाहिन्या गळतात, पुढच्या टप्प्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. हे सारे होत असतानाही माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो. मग एक दिवस रक्तस्राव होतो आणि पडदा पडतो. अ‍ॅप अक्षर किंवा रेघ दाखवते आणि “दिसते का?” विचारते. डोळ्याच्या आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून टाईप दोनच्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर एकदा आणि नंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करावी असा वैद्यकाचा नियम आहे, दिसत असले तरी. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, तिथेही अक्षरे वाचणे चालूच असते.

आणि आपल्या समाजापुरते आणखी एक. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे हे वेगळे सांगायला नको, आपल्यातल्या किती घरांनी लेकरे दवाखान्यात घेऊन धावपळ केली आहे. सिकलसेलही डोळ्याच्या पडद्याला इजा करतो, आणि ती इजा पडद्याच्या अगदी कडेपासून सुरू होते. मधली नजर शाबूत राहते. मोबाईलवरची कोणतीही रेघ त्याची बातमी देणार नाही. सिकलसेलच्या किती पेशंटांना कोणी “पडदा तपासून घ्या” असे सांगितले आहे? आपल्या वस्तीत विचारून पाहा.

म्हणजे अ‍ॅपचे काम एका विशिष्ट जागी आहे. ज्याचे निदान झाले, ज्याचे उपचार चालू आहेत, त्याने दोन भेटींच्या मध्ये पहारा द्यायचा. तिथे ते मोलाचे आहे. ज्याची पहिलीच तपासणी झालेली नाही त्याच्या हातात ते खोटा दिलासा देते. एम्सने २०१५ ते २०१९ दरम्यान केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यात हा आजार आढळला होता. साधारण सहा जणांत एक. शिबिराच्या त्या रांगेत असे किती होते? त्यांच्या पडद्याची तपासणी झाली नाही, बाहुली मोठी करणारे थेंबही कोणाच्या डोळ्यात पडले नाहीत, आणि त्यांना अ‍ॅपची लिंक मिळाली.

आता “खेळणे” म्हणणाऱ्या मित्राकडे वळतो. मित्रा, यंत्राचा तिरस्कार हा आपला वारसा नाही. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची जी चिरफाड केली आहे ती पुन्हा वाच. यंत्राने दुःख वाढले असेल तर दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चरख्याकडे परत जा असे त्यांनी आपल्याला सांगितले नाही. ज्याला राबण्यातून फुरसत नाही त्यालाच यंत्र सर्वांत जास्त हवे, हे त्यांनी सांगितले.

आणि भंडाऱ्याच्या माणसाने तर एक गोष्ट विसरू नये. १९५४ साली बाबासाहेबांनी इथून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. आपण त्यांना हरवले, ती सल वेगळी. त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर ते आजारपण आणि क्षीण झालेल्या दृष्टीमुळे अंथरुणाला खिळून होते. १९४८ पासून मधुमेह मागे लागलेला. घरात माईसाहेब स्वतः डॉक्टर, तरी ही अवस्था. त्याच काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिणे चालू होते, जो ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये आला. वाचनावर जगणाऱ्या माणसाला नजर जाण्याची भीती काय असते, हे आपल्या चळवळीला कोणी दुसऱ्याने शिकवायला नको. त्या काळी पडद्यासाठी लेझर नव्हते. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवले की वेळेवर लेझर झाल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. त्या गोष्टीला आता जवळपास पन्नास वर्षे होत आली. १९५४ मध्ये उपाय नव्हता म्हणून डोळे जात होते. आज उपाय असून जातात, आणि म्हणून आजची जबाबदारी नशिबावर ढकलता येत नाही.

जगात या साधनांचे काय झाले तेही बघू, म्हणजे भावनेवर बोलल्यासारखे होणार नाही. केनियात लंडनच्या संशोधकांनी ‘पीक’ नावाचे अ‍ॅप वापरले. त्यात इंग्रजी ‘ई’ अक्षर चार दिशांना फिरते, समोरच्याने फक्त दिशा दाखवायची, अक्षरओळख लागत नाही. तपासणारा दुसरा माणूस असतो आणि खूण पाहून तो पडद्यावर बोट फिरवतो. ट्रान्स न्झोइया भागातल्या शाळकरी मुलांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीत दवाखान्यात पाठवलेल्या मुलांपैकी २२ टक्के प्रत्यक्ष पोचली. नव्या पद्धतीत ५४ टक्के. फरक कशाने पडला? नव्या पद्धतीत मुलाला जग किती धूसर दिसते याचे चित्र आईबापाच्या हातात दिले, आठवणीचे मेसेज पाठवले, आणि कोण पोचले कोण नाही याची नोंद ठेवली. माणूस दवाखान्यापर्यंत पोचतो का, याचा पिच्छा पुरवला.

उलट उदाहरण थायलंडचे. गुगलने मधुमेही पडद्याचे फोटो वाचणारी संगणक प्रणाली तिथल्या ११ सरकारी दवाखान्यांत लावली. प्रयोगशाळेत ती अव्वल होती. दवाखान्यात अंधारी खोली नाही, इंटरनेट मंद, रांग मोठी. २०२० च्या अहवालानुसार परिचारिकांनी काढलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो प्रणालीने वाचायलाच नकार दिला. ज्याचा फोटो नाकारला त्याने आणखी एक दिवसाची मजुरी बुडवून दुसऱ्या दवाखान्यात जायचे. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या ओपीडीच्या खोल्या आठवा आणि अंदाज करा.

लंडनच्या मूरफिल्ड्स या नावाजलेल्या रुग्णालयाने कोरोनाच्या काळात घरी नजर तपासण्याचे अ‍ॅप पेशंटांना दिले. तिथेही तंत्रज्ञानाची सवय असलेल्यांनी ते जास्त उचलले, वयाने थकलेल्यांनी कमी. पण तिथे अ‍ॅपच्या मागे अख्खे रुग्णालय उभे होते. आपल्याकडे घरातल्या बाईच्या हातात मोबाईल कितपत असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १०० पैकी ३३ स्त्रियांनी आणि ५७ पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. घरातला मोबाईल कोणासोबत बाहेर जातो हे या दोन आकड्यांत दिसते. माझ्या घरात तो माझ्यासोबत जात होता, हे मी वर कबूल केलेच आहे.

एक प्रश्न मालकीचाही. गुगलच्या त्या प्रणालीचा २०१६ चा मूळ शोधनिबंध पाहा. तिला शिकवायला जे फोटो वापरले त्यांत अमेरिकेतल्या पेशंटांसोबत मदुराईचे अरविंद, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बंगळूरूचे नारायण नेत्रालय इथल्या पेशंटांचे फोटो होते. म्हणजे यंत्र हुशार झाले त्यात आपल्या देशातल्या मधुमेहींच्या डोळ्यांचा वाटा आहे. मग त्या हुशारीवर त्यांचा हक्क किती? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची भाषा केली आहे. शिबिरात इंग्रजी पानावर अंगठ्याने ‘ओके’ दाबणाऱ्या बाईची संमती त्यात बसते का, हे आपल्या वकील मित्रांनी तपासावे.

आता भंडाऱ्याकडे. नागपूर साठेक किलोमीटर. तुमसरच्या पलीकडे चिखल्याच्या खाणीकडून किंवा लाखांदूरच्या टोकावरून निघणाऱ्या माणसाला आधी भंडाऱ्यालाच पोचायचे असते. सोबत एक माणूस लागतो, कारण बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते. म्हणजे एका तपासणीला दोघांची मजुरी. हा सगळा हिशोब “घरीच तपासा” या दोन शब्दांत गायब होतो. घरी तपासणे स्वस्त आहे, खरे आहे. कोणासाठी स्वस्त? शासनासाठी. कॅमेरा नको, तंत्रज्ञ नको, डॉक्टरचे रिकामे पद भरायला नको. पेशंटच्या खिशातला मोबाईल, पेशंटचा डेटा पॅक, पेशंटची नात. आणि डोळा गेला तर म्हणायला मोकळे की अ‍ॅप दिले होते, म्हातारीने वापरले नाही. संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. ते कर्तव्य प्ले स्टोअरवर चढवून मोकळे होता येत नाही.

“यंत्रे येतील हो, निधी मंजूर आहे,” असे कोणी सांगितले तर त्यालाही पुढचा प्रश्न विचारा. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. यंत्र आणून ठेवणे वेगळे आणि ते सांभाळणे वेगळे, हे या जिल्ह्याइतके महाग कोणी शिकले नसेल.

म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. जिल्ह्यात पडद्याचा फोटो काढणारे कॅमेरे किती, कुठे, आणि गेल्या बारा महिन्यांत त्यांतले किती दिवस चालू होते. ओसीटीचे यंत्र आहे का, ते चालवणारा माणूस नेमला आहे का. जिल्ह्यात नोंद असलेल्या मधुमेहींपैकी किती जणांची पडद्याची तपासणी झाली. त्यातून किती जणांना नागपूरला पाठवले आणि त्यातले किती पोचले याची नोंद कोण ठेवतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डोळ्यात द्यायचे इंजेक्शन कोणत्या अटीवर बसते. नेत्रतज्ज्ञांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती. सिकलसेलच्या किती पेशंटांचा पडदा तपासला. ज्यांना आपापल्या तालुक्यासाठी हाच अर्ज टाकायचा आहे त्यांनी कळवावे, मसुदा पाठवतो. सातही तालुक्यांतून अर्ज गेले तर एकाच कार्यालयाला एकाच महिन्यात सात वेळा फाईल उघडावी लागेल.

तोपर्यंत अ‍ॅप फेकायचे का? अजिबात नाही. शासनाला हे काम खरेच करायचे असेल तर ते मराठीत करावे, बोलून सूचना देणारे, नेटशिवाय चालणारे करावे, आशाताईच्या मोबाईलमध्ये ठेवावे आणि आशाताईंना या कामाचे वेगळे पैसे द्यावेत, फुकटात आणखी एक ओझे नको. रेघ वाकडी निघाली की ती बातमी थेट जिल्ह्याच्या नेत्रविभागात पोचावी, तिथून तारीख मिळावी, आणि त्या तारखेला माणूस आला नाही तर कोणीतरी फोन करावा. केनियात शाळकरी मुलांसाठी हे झाले. भंडाऱ्यात म्हाताऱ्या बायांसाठी का होऊ नये?

येत्या रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात आम्ही जाळीचे शंभर कागद वाटणार आहोत. ज्यांना शुगर आहे त्यांनी जवळचा चष्मा सोबत आणावा. तपासताना डोळा बोटांनी झाकू नका, फटीतून दिसते, पूर्ण तळहात लावा आणि दाबू नका. एकदा उजवा, एकदा डावा, रोज त्याच जागी, त्याच उजेडात. शेजारी बसणाऱ्याने उत्तर सांगायचे नाही, नातवंडांना हे आधीच बजावा. ज्यांची पडद्याची तपासणी कधीच झाली नाही त्यांना त्या दिवशी कागद मिळणार नाही. त्यांची नावे वेगळ्या वहीत लिहून घेऊ आणि त्यांना आधी तपासणीला नेऊ. माझी माय येणार आहे. ती पहिल्या रांगेत बसेल, तिला तिथूनच दिसते.